अभ्यास दौऱ्याला, वारीला निघताना गटाचा कॅमेरा कोणता घ्यावा?



पेरण्यांच्या आधी गटागटांत दोन बेत शिजत असतात. एक अभ्यास दौऱ्याचा. हिवरे बाजारला जाऊन पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते बघायचं, कुणाची गांडूळखताची शेड बघायची, कुणाचा मसाल्याचा कारखाना बघायचा. दुसरा बेत वारीचा. आणि हल्ली दोन्हीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपण याची फिल्म करू या की!" घरी राहिलेल्या सासवांना दाखवू, लेकुरवाळ्यांना दाखवू, ग्रामसभेत लावू. विचार उत्तम आहे. पण पुढचा प्रश्न येतो पैशाचा. गटाच्या शिलकीतून पंचवीस-तीस हजार काढायचे म्हणजे दहा-बारा जणींच्या महिन्या-महिन्याच्या बचतीला हात घालायचा. त्या पैशात एखादीची शेळी येते, एखादीचं शिलाई मशीन येतं. म्हणून कॅमेरा कोणता घ्यायचा आणि त्यात रेकॉर्डिंग कशा पद्धतीनं करायचं, हे आज सावकाश बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नुसतं चित्र चांगलं हवं असेल, तर बऱ्यापैकी मोबाइल आज स्वस्त हँडीकॅमपेक्षा सुंदर चित्र काढतो, विशेषतः संध्याकाळी आणि घरात. मग हँडीकॅम, म्हणजे दुकानदार ज्याला कॅमकॉर्डर म्हणतो तो, घ्यायचाच कशाला? माझ्या मते त्याला एक मोठं कारण आहे. मोबाइल गटाचा नसतो. तो कुणाच्या तरी नवऱ्याचा असतो, नाहीतर पोराचा. ऐन मुलाखतीत फोन वाजतो. दौऱ्याहून आल्यावर तो फोन घरी जातो, जागा पुरेना म्हणून पोरगा व्हिडिओ पुसतो आणि तीन दिवसांचं काम गेलं. दुसऱ्या बाईच्या हातात आपला फोन द्यायला बाई कचरते, आणि ते बरोबरही आहे. हँडीकॅम मात्र गटाच्या कपाटात राहतो. आज एकीनं धरला, उद्या दुसरीनं. त्याची बॅटरी बदलता येते, कार्ड बदलता येतं, हाताला पट्टा असतो, आणि तासभर सलग चालवला तरी तो मोबाइलसारखा तापून सहसा बंद पडत नाही. तुमच्या गटात सगळ्यांसाठी ठेवलेला, चांगला कॅमेरा असलेला फोन आधीच असेल, तर हँडीकॅम घेऊ नका. त्या पैशात एक माइक, एक तीन पायांचा स्टँड आणि एक हार्ड डिस्क घ्या, पैसे उरतील.

बायकांनी कॅमेरा हातात घेणं हे काही नवं नाही, हेही सांगून ठेवते. अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेत १९८४ साली भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या काहींना अक्षरओळखही नव्हती. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बायका वर्षानुवर्षं फिल्म करत आल्या आहेत. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा धरून घेतलेल्या चित्राला त्या 'संघम शॉट' म्हणतात, कारण संघात सगळ्या एकाच पातळीवर बसतात. हे नाव मला फार आवडतं. आणि त्यातून खरेदीची पहिली खूणही मिळते. बाजूला उघडणारा, फिरणारा पडदा असलेलाच कॅमेरा घ्या. त्यामुळे चुलीपाशी बसलेल्या बाईसमोर तुम्हीही बसू शकता, कॅमेरा छातीशी धरता येतो, आणि तिच्याकडे बघत बोलता येतं. यंत्र डोळ्याला लावलं की समोरची गप्प होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात गेल्यावर मेगापिक्सेल किती, हे विचारू नका. विचारा, "याला बाहेरून माइक लावायचं भोक आहे का?" ते साधारण साडेतीन मिलिमीटरचं, हेडफोनच्या पिनेएवढं असतं आणि त्याच्याशेजारी 'माइक' असं लिहिलेलं असतं. सोबत हेडफोनचं भोक असेल तर दुधात साखर. कारण दौऱ्याच्या फिल्ममध्ये चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण बाई काय बोलली ते कळलं नाही तर पाच मिनिटांत सभेत चुळबुळ सुरू होते. कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेऱ्याजवळचा आवाज आधी पकडतो. म्हणजे तुमची बांगडी, तुमचा श्वास, शेजारणीची कुजबुज. समोर चार हातांवर बोलणारी बाई मागे पडते. तिच्या पदराला कॉलर माइक लावला की ती कानाशी बोलल्यासारखी ऐकू येते. आणि आवाज स्वच्छ असेल तर तोच आपल्या रेडिओवरही लावता येतो. एका कष्टात दोन कामं.

वारीत आवाजाची तऱ्हा वेगळी. टाळ-मृदंग जवळून घेतले की आवाज फाटतो. कॅमेऱ्यात माइकची पातळी हातानं कमी करायची सोय असेल तर ती तिथे उपयोगी पडते. दिवे घाटात वारा असतो. त्यासाठी माइकला फोमचं किंवा लोकरीचं टोपडं घालायचं. विकत मिळतं, नाहीतर घरच्या लोकरीचंही चालतं, फक्त विण सैल ठेवा.

झूमबद्दल दुकानदार खूप बोलतो. झूम दोन तऱ्हेचं असतं. ऑप्टिकल झूममध्ये आतल्या भिंगा पुढेमागे सरकतात आणि लांबची वस्तू खरोखर मोठी दिसते. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणणं. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघितला की नुसते ठिपके दिसतात, तसं. म्हणून खोक्यावरचा '५०० पट' हा आकडा सोडून द्या, ऑप्टिकल किती ते बघा. २० पट असेल तरी रिंगणातला अश्व कडेला बसून टिपता येतो. पण झूम वाढवलं की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं वाढते, म्हणून कंप थोपवणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन, तीही ऑप्टिकलच असलेली बरी. आणि झूम आहे म्हणून कुणालाही लांबून टिपायचं नसतं. वाटेत टँकरवर अंघोळ करणाऱ्या बाया फिल्ममध्ये येता कामा नयेत, त्यांना कळलं नाही तरीसुद्धा.

ठरावीक नावं विचाराल म्हणून सांगते, पण दुकानात काय शिल्लक असेल त्यावर सगळं आहे. मोबाइल आल्यापासून कंपन्यांनी हँडीकॅमचे नवे नमुने काढणं फार कमी केलंय. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हलका आहे, ऑप्टिकल झूम ३० पट, पण त्याला बाहेरचा माइक लावायची सोय नाही. कॅननचा एचएफ आर८०६ घेतलात तर माइकचं आणि हेडफोनचं अशी दोन्ही भोकं मिळतात. पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही७८५लाही ती दोन्ही आहेत आणि त्याचं ऑप्टिकल झूम २० पट आहे. या तिघांत सोनीच पदरात पडला, तर आवाज वेगळा घ्यायचा. कॉलर माइक साध्या मोबाइलला लावून तो बोलणाऱ्या बाईजवळ ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची. नंतर कॉम्प्युटरवर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की दोन्ही एकत्र बसतात. जमतं, पण काम वाढतं.

ऑनलाइन दुकानांत पाच-सात हजारांना 'फोर के, ४८ मेगापिक्सेल' असे बिननावाचे हँडीकॅम दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बहुतेकांत भिंग हलतच नाही, झूम सगळं डिजिटल, आणि कंप थोपवायची सोय नाही.

जुना घ्यायचा का? तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचे शूटिंगवाले जुने कॅमेरे विकतात आणि दिसायला ते फार भारदस्त असतात. त्यात कॅसेट घालायची असेल तर नको. मिनी डीव्ही कॅसेटवर तासभर मावतं, चित्रही त्या काळी चांगलंच होतं, पण ते कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर नावाची तार लागते. आजच्या कॉम्प्युटरला ती लावायला जागाच नसते. शिवाय तासभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो. कार्डवर चालणारा जुना कॅमेरा असेल तर जरूर बघा. भिंगात उजेड पाडून आत पांढरी जाळी दिसते का, ते तपासा. ती बुरशी असते, कोकणातल्या आणि घाटमाथ्याच्या दमट हवेत हमखास धरते. माइक लावून, हेडफोन घालून दहा मिनिटं तिथेच रेकॉर्डिंग करा आणि बॅटरी किती उतरली ते बघा.

एक गोष्ट मात्र नव्यातही आणि जुन्यातही तपासायचीच. कॅमेरा आपल्या देशाच्या विजेला जुळणारा आहे का? कुणाचा भाचा अमेरिकेहून येताना कॅमेरा आणतो, स्वस्त पडतो म्हणून आपण घेतो, आणि शाळेच्या खोलीत ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं की चित्रात लकलक दिसते, काळे पट्टे सरकतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि साधी ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत हेच हेलकावे ६० असतात, म्हणून तिथले कॅमेरे सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतात. आपल्याकडे २५ किंवा ५० हवीत. दुकानात सेटिंग उघडून '२५पी' किंवा '५०पी' दिसतंय का ते बघा. काही कॅमेऱ्यांत 'पाल' आणि 'एनटीएससी' असे दोन पर्याय असतात, तिथे पाल निवडायचं. फक्त एनटीएससीच असेल तर शटर १/१०० ला बांधता येतं का ते विचारा. त्यानं लकलक बरीच आटोक्यात येते. तेही जमत नसेल तर कॅमेरा परत ठेवा.

आता रेकॉर्डिंगच्या पद्धतीकडे, म्हणजे फॉरमॅटकडे येऊ. इथे इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि बायका दबकतात. दबकू नका, हे आपल्या वाळवणासारखं आहे. उन्हाळ्यात गवार, मेथी, कांदा वाळवून ठेवतो. का? ओलं ठेवलं तर जागा फार लागते. वाळवलं की डब्यात मावतं, आणि खायच्या वेळी पाण्यात भिजवलं की फुलतं. व्हिडिओही असाच मोठा असतो. कॅमेरा तो वाळवून, आकसून कार्डात ठेवतो, आणि बघायच्या वेळी कॉम्प्युटर किंवा टीव्ही तो भिजवतो. वाळवायच्या रीती दोन जास्त चालतात. एच.२६४ ही जुनी रीत, जवळजवळ कुठलाही फोन, टीव्ही, कॉम्प्युटर ती ओळखतो. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, ही नवी. तिच्यात माल फार कमी जागेत बसतो, पण इतका कडक वाळवलेला असतो की भिजवायला जुन्या कॉम्प्युटरचा दम निघतो. चित्र अडखळतं, आवाज पुढे जातो. गटाचा किंवा शाळेचा कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा असेल तर एच.२६४च घ्या, विचार करू नका.

आणि हे वाळवण ज्या डब्यात ठेवतात तो डबा म्हणजे एमपी४ किंवा एमटीएस. आत एकच भाजी असू शकते, डबे वेगळे. एमपी४ कुठेही उघडतो. एमटीएस हा एव्हीसीएचडी नावाच्या पद्धतीचा डबा आहे, बऱ्याच हँडीकॅममध्ये असतो. वाईट नाही, पण त्याची एक खोड आहे. लांब रेकॉर्डिंग असेल तर अनेक कॅमेरे चार-चार जीबीचे तुकडे पाडतात. आपण त्यातला एकेक तुकडा उचलून कॉपी केला की जोडाच्या जागी शब्द गाळला जाऊ शकतो. म्हणून एव्हीसीएचडीचा माल उतरवताना कार्डावरचा वरचा फोल्डर उचलायचा, सगळाच्या सगळा, आतलं काहीही न हलवता. कणसं सोलून नाही, कणसासकट.

कॅमेऱ्यात '५०आय' आणि '५०पी' किंवा '२५पी' असंही दिसेल. 'आय'मध्ये एक चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येतं. ती जुन्या टीव्हीची सोय होती. कॉम्प्युटरवर ते चित्र हललं की कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. आपण 'पी' घ्यायचं. मुलाखती, स्वयंपाक, शेत, बैठक याला २५पी पुरतं. रिंगण, पावलीचा खेळ, धावती पोरं असतील तर ५०पी, म्हणजे हालचाल तुटत नाही. एका फिल्ममध्ये २५ आणि ५० चालतात, ३० मात्र मध्ये घालू नका. मोबाइलची गोष्ट निराळी. तो बरेचदा ३०नं घेतो, आणि चित्रांचा वेगही मनानं कमी-जास्त करतो. त्यानं लांबच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. मोबाइलचे तुकडे वापरायचेच असतील तर हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून आधी एकसारख्या वेगाचे, २५चे, करून घ्या.

फोर के घ्यावं का? त्यात साध्या फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. आपण फिल्म दाखवणार शाळेच्या भिंतीवर, पांढऱ्या चादरीवर, नाहीतर फोनवर पाठवणार. तिथे ती चौपट कुणालाच दिसत नाही. कार्ड मात्र चौपटीच्या हिशेबानंच भरत जातं. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, आपल्याला भरपूर झालं.

कार्डाचा हिशेब घरी बसूनच करायचा. कॅमेऱ्याच्या पुस्तकात 'एमबीपीएस' असा आकडा असतो. नळाला सेकंदाला किती पाणी येतं, तसा हा माल वाहण्याचा वेग. २४ चा आकडा असेल तर एका तासाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांच्या आसपास. ५० असेल तर तासाला साडेबावीस जीबी, मग ६४ जीबीचं कार्डही तेवढाच वेळ पुरतं. फोर केला १०० धरलं तर तासाला ४५ जीबी, म्हणजे तेच ६४चं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. २४ ते ५० मधलं आपल्याला चांगलं. तीन दिवसांच्या दौऱ्यात रोज तासभर रेकॉर्डिंग पुष्कळ होतं, बघायला तेवढंही कुणी बसत नाही. आळंदी ते पंढरपूर मात्र अडीच-तीन आठवड्यांची वाट आहे. रोज तास धरला तर २४ च्या आकड्यानंही दोनशे जीबी लागतील.

तेव्हा एक मोठं कार्ड घेऊ नका. सगळं बियाणं एकाच कणगीत कुणी ठेवत नाही. ६४ ची चार घ्या, त्यावर 'यू३' किंवा 'व्ही३०' छापलेलं बघून. रस्त्यावरच्या स्टॉलवरची अर्ध्या किमतीची कार्डं नकोत. त्यांच्यावर ६४ लिहिलेलं असतं आणि आत आठही नसतात. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की त्याची बाजूची खिटी 'लॉक'कडे सरकवायची, म्हणजे चुकून पुसलं जात नाही. बारीक मायक्रो कार्डाला खिटी नसते, त्याला डबीत उलटं ठेवायची खूण करा.

विजेची सोय हा वारीतला मोठा घोर. मुक्कामाच्या शाळेत एक बोर्ड आणि त्याला लोंबणारे वीस फोन. कॅमेऱ्यासोबतची बॅटरी सहसा लहान असते, म्हणून आणखी दोन हव्यात. त्यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा. यूएसबीच्या तारेनं, पॉवर बँकेवर भरणारा कॅमेरा असेल तर जीव भांड्यात पडतो. पावसासाठी जाड पारदर्शक पिशवी, तिला भिंगापुरतं भोक आणि रबरबँड. रात्री कॅमेरा पुसून, सिलिकाच्या पुड्यांसोबत डब्यात. ओला कॅमेरा चुलीशी धरून वाळवायला जाऊ नका.

एकूण जमाखर्च कसा बसवायचा? माझा हिशेब असा की तीस हजार असतील तर कॅमेऱ्यावर वीस-बाविसाच्या वर जायचं नाही. उरलेल्यात माइक, बॅटऱ्या, कार्डं, साधा स्टँड आणि एक हार्ड डिस्क. त्यात बसणारा कॅमेरा नवा मिळत नसेल, तर माइकच्या भोकाचा, कार्डावर चालणारा जुना शोधा. पक्कं बिल गटाच्या नावानं घ्या, अध्यक्षताईंच्या पोराच्या नावानं नाही. वॉरंटीचं कार्ड गटाच्या वहीला टाचा. कपाटाची किल्ली कुणाकडे, कॅमेरा नेताना सही कुठे, पडला तर दुरुस्ती कुणी करायची, हे मासिक सभेत लिहून ठेवा. भांडणं कॅमेऱ्यावरून होत नाहीत, न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

आणि निघायच्या आधी आठवडाभर तो घरोघरी फिरू द्या. प्रत्येकीनं पाच मिनिटं काहीतरी टिपायचं, भाकरी थापताना, म्हैस धुताना. मग मिक्सिंग करणाऱ्या मुलीच्या कॉम्प्युटरवर ते उघडून बघायचं. चित्र अडखळतंय का, लकलक आहे का, आवाज दोन्ही कानांत येतोय का. अडचण असेल तर सेटिंग तेव्हाच बदलता येतं, गावीच, दुकान जवळ असताना. दौऱ्यावरून आल्यावर कार्डं आधी हार्ड डिस्कवर, मग दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हीकडे उघडून बघितल्यावरच रिकामी करायची. पुढच्या गुरुवारी आवाजाचं मिक्सिंग मोबाइलवर कसं करायचं ते सांगेन. तोवर ज्या गटाकडे कॅमेरा आधीच आहे त्यांनी त्याच्या पुस्तकातला 'एमबीपीएस'चा आकडा शोधून आम्हाला कळवा.